वस्तूबरोबर येणारा कागद

बाजारांतून आणलेली नवी वस्तु घरीं आली म्हणजे तिच्याबरोबर एक घडी केलेला कागद येतो. बहुतेक घरांत तो वेष्टणाबरोबर केरांत जातो, आणि वस्तु बिघडली किंवा कांहीं अपघात झाला म्हणजेच त्याचा शोध सुरू होतो. शोधून तो सांपडला तरी वाचून बोध होईलच अशी खात्री नसते. कांहीं वेळां मजकूर परभाषेंत असतो. कांहीं वेळां तो मराठींत असतो, परंतु ती मराठी कोणत्याही गांवीं बोलली जात नाहीं. हा कागद कोण लिहितो, कसा लिहितो, आणि तो नीट न लिहिल्यास काय होतें, याचा येथें विचार करावयाचा आहे. विषय दिसावयास किरकोळ आहे; परंतु पेरणीचा हंगाम, रोग्याचा जीव आणि राहत्या घराची भिंत या तिन्ही गोष्टी त्याच्याशीं कशा जोडलेल्या आहेत, हें नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील व्यवहारावरून सहज ध्यानांत येण्यासारखें आहे.

अशा लेखनास तंत्रलेखन म्हणतात. वस्तूचें किंवा क्रियेचें ज्ञान ज्याच्यापाशीं आहे त्याच्याकडून तें समजून घ्यावयाचें, आणि ज्याला ती वस्तु वापरावयाची आहे त्याच्या हातीं तें कामापुरतें व बिनचूक द्यावयाचें, एवढेंच त्याचें स्वरूप. यंत्राची वापरपुस्तिका, औषधाचें माहितीपत्रक, बियाण्याच्या पिशवीवरील सूचना, कारखान्यांतील कामगारासाठीं भिंतीवर लावलेला क्रियेचा तक्ता, हे सर्व याच लेखनाचे प्रकार होत. मोठे कारखाने या कामासाठीं पगारी माणसें ठेवतात. लहान कारखानदारास तें परवडत नाहीं. त्याला वर्षांतून एखाददुसरी पुस्तिका लागते. त्याची गरज स्वतंत्र तंत्रलेखक भागवितो. वकील जसा आज एका पक्षकाराचें तर उद्यां दुसऱ्याचें काम ठरावीक फी घेऊन करतो, तसा हा लेखक आज पंपाचें तर उद्यां मसाल्याच्या चक्कीचें काम अंगावर घेतो.

हा धंदा नवा वाटला तरी त्याचें मूळ जुनें आहे. इंग्लंडांत बोल्टन आणि वॅट यांनीं वाफेचीं यंत्रें दूरदूरच्या खाणींवर पाठविण्यास आरंभ केला, तेव्हां तीं कशीं उभारावीं व कशीं चालवावीं याची एक सूचनापुस्तिका त्यांना १७८० च्या सुमारास छापून घ्यावी लागली. यंत्र जेथें जातें तेथें यंत्रकर्ता जाऊं शकत नाहीं. त्याच्याऐवजीं कागद जातो. महाराष्ट्रांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर बाजारांत आला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी शंका शेतकऱ्यांना होती. नुसता नांगर घडवून भागण्यासारखें नव्हतें. त्याविषयीं लोकांशीं त्यांच्या भाषेंत बोलणें प्राप्त होतें. किर्लोस्करवाडीहून १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' हें पत्र निघूं लागलें, तें आरंभीं कारखान्याचें आणि त्याच्या मालाचेंच पत्र होतें. पुढें त्याचें रूपांतर एका नामांकित मासिकांत झालें, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे; परंतु त्याचा उगम नांगर आणि नांगरधारी यांच्यामधील संभाषणांत आहे, हें सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं.

मराठवाड्याची स्थिति मात्र वेगळी होती. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि राज्याचा कारभार उर्दूंतून चाले. हैदराबादेस १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत आधुनिक शास्त्रें उर्दूंतून शिकविलीं जात, आणि त्यासाठीं पाठ्यग्रंथांचीं भाषांतरें करणारें 'दारुल तर्जुमा' हें स्वतंत्र खातें काढण्यांत आलें होतें. देशी भाषेंत शास्त्र सांगतां येतें, याचा तो एक मोठाच प्रयोग होय. परंतु नांदेड-लातूरकडील कुणब्याची भाषा मराठी होती, आणि त्याच्या भाषेसाठीं असें खातें त्या काळीं कोणी काढलें नाहीं. येथील विद्या तोंडोतोंडीं चालली. बापाकडून मुलाकडे, मिस्त्रीकडून हाताखालच्या पोराकडे गेली. तोंडच्या विद्येंत जिवंतपणा असतो हें खरें. पण माणूस गेला कीं त्याबरोबर तीही जाते, आणि बाहेरून नवी वस्तु आली म्हणजे तिच्याविषयीं सांगणारें तोंडच गांवांत नसतें.

आजची उदाहरणें पाहूं. लातूर जिल्हा हा सोयाबीनच्या पिकासाठीं राज्यांत अग्रेसर गणला जातो. सोयाबीनचें टरफल नाजूक असतें. पोतें आपटलें तरी बियाण्याची उगवण घटते. प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ति निदान १०० पैकीं ७० असली पाहिजे असा दंडक आहे. घरचें बियाणें असेल तर शेतकऱ्यानें ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीनें मांडून, गुंडाळी करून, ओलावा राखून ठेवावी आणि सुमारें आठवड्यानें कोंब मोजावे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरणी करावी व बीं ३ ते ४ सेंटीमीटरांहून खोल जाऊं देऊं नये. पेरणीपूर्वी बियाण्यास आधीं बुरशीनाशक लावावें, त्यानंतर कीटकनाशक, आणि अगदीं शेवटीं, पेरणीच्या थोडें आधीं, रायझोबियमसारखें जिवाणूखत लावून बियाणें सावलींत सुकवावें.

यांतील 'आधीं' आणि 'शेवटीं' हे दोन शब्द अत्यंत महत्त्वाचे आहेत. जिवाणू सजीव आहेत. त्यांच्यावर मागाहून विषारी औषध चोळलें तर ते मरतात, आणि खताच्या पुडीचे पैसे मातींत जातात. पुष्कळ पत्रकांत मजकूर असा असतो कीं, 'बियाण्यास बुरशीनाशक, कीटकनाशक व जिवाणू संवर्धकाची प्रक्रिया करणें आवश्यक आहे.' हें वाक्य खोटें नाहीं; परंतु त्यांत क्रम नाहीं. वाचणाऱ्यानें तिन्ही वस्तु एकाच घमेल्यांत कालविल्या, तर त्याला दोष कसा देतां येईल? त्यानें वाक्याप्रमाणेंच केलें. तंत्रलेखनाचा पहिला नियम यांतून निघतो: जें काम क्रमानें करावयाचें तें क्रमानेंच सांगावें, एका वाक्यांत एकच कृति सांगावी, आणि क्रम मोडल्यास काय बिघडतें तेंही सांगावें.

दुसरें उदाहरण फवारणीचें. औषधाच्या पत्रकावर पुष्कळदां '१० लिटर पाण्यांत अमुक मिलिलिटर' असें लिहिलेलें असतें; पण शेतकऱ्याच्या पाठीवरचा पंप बहुधा १५ किंवा १६ लिटरांचा असतो. शिवाय इंजिनाच्या पंपाला एकरीं पाणी कमी लागतें, म्हणून त्यांतील औषधाचें पाण्याशीं प्रमाण अधिक ठेवावें लागतें. इंजिनाच्या पंपासाठीं सांगितलेलें प्रमाण साध्या हातपंपांत वापरलें, तर फवारणाऱ्याच्या अंगावर कितीतरी पट जहाल औषध उडतें. शहाणा लेखक येथें त्रैराशिक शेतकऱ्यावर सोपवीत नाहीं. तो दोन पंपांची दोन चित्रें काढतो आणि प्रत्येकाखालीं त्या पंपाला किती झाकणें औषध लागेल तें लिहितो. मात्र त्यापूर्वीं त्या बाटलीचें झाकण किती मिलिलिटरचें आहे तें तो स्वतः मोजून पाहतो.

कायद्यानें या बाबतींत कांहीं बंधनें घातलेलीं आहेत. १९६८ चा कीटकनाशक कायदा व त्याखालील १९७१ चे नियम यांप्रमाणें औषधाच्या वेष्टणावर रंगीत चौकट छापावी लागते. तिच्यांतील तांबडा रंग अत्यंत जहाल विषाचा, पिवळा त्याहून कमी, निळा मध्यम आणि हिरवा सर्वांत सौम्य विषाचा. सोबतच्या पत्रकांत वापरण्याची रीत, विषबाधेचीं लक्षणें, प्रथमोपचार व उतारा हीं द्यावीं लागतात, आणि तें हिंदी व इंग्रजीबरोबर त्या भागांतील एकदोन भाषांतही असावें लागतें. पण नियम मराठी मजकूर छापावयास लावूं शकतो. तो मजकूर वाचण्याजोगा करूं शकत नाहीं. मुंगीएवढ्या अक्षरांत तीनचार भाषा दाटून बसविलेल्या पत्रकाचा उपयोग शेताच्या बांधावर काय होणार? २०१७ च्या पावसाळ्यांत शेजारच्या विदर्भांत, यवतमाळ जिल्ह्यांत, कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं. औषधांचीं मिश्रणें, उंच वाढलेली कपाशी, उघडें अंग, हीं त्यांत होतींच. सगळा दोष कागदाचा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु बांधावर उभ्या असलेल्या मजुराला सावध करणारें दुसरें कोणी तेथें नसतें, हेंही तितकेंच खरें आहे.

भाषेचा सापळा कसा असतो, याचें एक लहानसें उदाहरण पाहण्यासारखें आहे. औषध चोळलेल्या बियाण्याला इंग्रजींत 'ट्रीटेड सीड' म्हणतात. आजकाल संगणक क्षणार्धांत भाषांतर करून देतो. या शब्दांचें शब्दशः भाषांतर 'उपचार केलेलें बियाणें' असें होतें. उपचार हा शब्द मराठी कानाला हितकारक वाटतो. त्या पिशवींत उरलेले दाणे जनावरापुढें टाकावयास किंवा दळावयास हरकत नाहीं असा समज त्यानें होऊं शकतो, आणि वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. 'या बियाण्यास विष लावलेलें आहे. माणसानें खाऊं नये, जनावरास घालूं नये,' असेंच तेथें लिहिलें पाहिजे. संगणक कच्चा खर्डा देईल. पण बियाणें दावणीपर्यंत जाऊं शकतें, ही गोष्ट गोठा पाहिलेल्या माणसालाच सुचते.

शेतीप्रमाणेंच घरबांधणीचें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गांवांवर भूकंपाचा घाला पडला. सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. भूकंपाचा जोर जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें मध्यम होता. माणसें मेलीं तीं मुख्यतः घरांखालीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचें अवजड माळवद, अशी त्या घरांची रचना. भिंत बाहेरून एकसंध दिसे; पण वास्तविक ती दगडांच्या दोन पाखांची असून मधें कपच्या व माती भरलेली असे. दोन्ही पाखांना बांधून धरणारा दगड नसल्यामुळें हादऱ्यासरशी पाखें एकमेकांपासून सुटलीं आणि माळवद खालीं बसलें.

यावरील उपाय शास्त्राला ठाऊक होता. भारतीय मानक संस्थेनें १९९३ सालींच कमजोर दगडी बांधकामाविषयीं मानक प्रसिद्ध केलें. त्याप्रमाणें भिंतींत दर ६० सेंटीमीटर उंचीला, आडवें १२० सेंटीमीटरांहून अधिक नाहीं इतक्या अंतरावर, भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड बसवावा. आणि दारां-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींना कवेंत घेणारा अखंड पट्टा घालावा. मानक इंग्रजींत व अभियंत्यासाठीं लिहिलेलें. भिंत रचणार गांवचा गवंडी. भूकंपानंतरच्या पुनर्वसनांत ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं, तर दीड लाखांहून अधिक घरें जागच्या जागीं दुरुस्त व मजबूत करावयाचीं होतीं. तीं कामें घरमालकांनीं स्वतः करून घ्यावयाचीं असल्यामुळें शास्त्र गवंड्यापर्यंत आणि घरधनिणीपर्यंत पोहोंचविणें हेंच मोठें कार्य होऊन बसलें. त्यासाठीं गांवोगांवच्या स्त्रियांतून संवाद सहायक नेमण्यांत आल्या. सिमेंट कोठें लागतें, पट्टा कां घालावयाचा, हें त्या आयाबायांना समजावून सांगत. येथें कागद, चित्र आणि बोलणें यांचा मेळ बसला. एक आरपार दगड बसविल्यानें घराची शोभा वाढत नाहीं, आणि तो चुकविला तरी कित्येक वर्षें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. अशा ठिकाणीं 'काय करावें' याबरोबर 'कां करावें' हें सांगितल्यावांचून सूचना पाळली जात नाहीं.

शहरांतील घरांनाही हा विषय परका नाहीं. हगवणीवर देण्याच्या क्षार-साखरेच्या पुडीचें उदाहरण घ्यावें. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठीं असते. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यासाठीं निराळी लहान पुडी मिळते. मोठी पुडी पेलाभर पाण्यांत कालवून तान्ह्या मुलाला पाजली, तर क्षारांचें प्रमाण पांचपट होऊन औषधच अपाय करतें. म्हणून पुडीवर 'एक लिटर पाण्यांत सबंध पुडी' हे शब्द इतर सर्व मजकुराहून ठळक हवेत. ज्या घरांत शिकलेली माणसें आहेत तेथेंही रात्रीं दोन वाजतां, मूल रडत असतांना, कोणी बारीक टाइप वाचीत बसत नाहीं. सूचना कोणत्या वेळीं व कोणत्या मनःस्थितींत वाचली जाईल, याचा विचार लेखकानें आधींच केला पाहिजे.

तंत्रलेखक प्रत्यक्ष काम कसें करतो, हें डाळमिलच्या दृष्टान्तानें सांगतां येईल. लातूरची बाजारपेठ तुरीच्या डाळीसाठीं प्रसिद्ध आहे. तूर प्रथम चाळून, निवडून घेतात; एमरीच्या खरखरीत रोलांतून काढून तिच्या सालीवर ओरखडे पाडतात; तिला तेलाचा हात लावून मुरूं देतात; उन्हांत वाळवितात; मग पाण्याचा शिपका देऊन साल काढतात व दाणा दुभागतात. मालकानें नव्या कामगारांसाठीं तक्ता लिहावयास सांगितला, तर लेखक प्रथम लेखणी खिशांतच ठेवतो. तो एक सबंध पाळी मिलमध्यें उभा राहतो. रोलांतील अंतर कशानें बदलतात, वाळलेली तूर हातानें कशी पारखतात, पट्टा चालू असतांना कोणाचा हात कोठें जातो, हें तो पाहतो. जुन्या कामगाराला तो 'कसें' आणि 'कां' एवढेंच विचारीत राहतो. मग खर्डा करतो. आणि तो खर्डा मालकाला दाखविण्यापूर्वीं, ज्यानें तें काम कधीं केलेलें नाहीं अशा एखाद्याच्या हातीं देऊन गप्प बसतो. तो नवखा जेथें अडखळेल तेथें वाक्य चुकलेलें आहे, असें समजावें. ही परीक्षा झाल्यावर जाणत्या तंत्रज्ञाची सही घ्यावी आणि पानावर तारीख घालावी. कारण यंत्र बदललें कीं कागदही बदलला पाहिजे, आणि जुना कागद कोणता हें ओळखतां आलें पाहिजे.

भाषेविषयीं दोन टोकें टाळावयाचीं असतात. एक टोक म्हणजे कोशांतून घडविलेले, गिरणींत कोणी न उच्चारलेले शब्द. दुसरें टोक म्हणजे इंग्रजी वाक्यावर मराठी क्रियापदाची झूल. नट, बोल्ट, पाना, पट्टा, बेअरिंग, ग्रीस हे शब्द कामगाराच्या जिभेवर आहेत; ते तसेच ठेवावे. मात्र एका वस्तूला पहिल्या पानावर 'कळ', तिसऱ्यावर 'खटका' आणि पांचव्यावर 'बटण' म्हणूं नये. ललित लेखनांत पुनरुक्ति हा दोष असेल. येथें तो गुण आहे. विमानांच्या धंद्यांत तर १९८० नंतरच्या दशकांत इंग्रजीचा एक मुद्दाम आंखून दिलेला साधा प्रकारच रूढ केला गेला. त्यांत प्रत्येक मान्य शब्दाला शक्यतों एकच अर्थ असतो, कारण दुरुस्ती करणारा कारागीर कोणत्याही देशाचा असूं शकतो. देगलूर, बिलोली, उदगीर या सीमेवरच्या तालुक्यांत तेलुगू, कानडी, उर्दू आणि मराठी एकाच बाजारांत नांदतात. तेथें अशा साधेपणाची गरज अधिकच आहे.

आतां धंद्याच्या बाजूविषयीं. स्वतंत्र लेखकाचा मोबदला पानावर, शब्दांवर किंवा सबंध कामावर ठरतो. पानावर ठरविल्यास लेखणी सैल सुटण्याचा मोह होतो. आणि चांगलें तंत्रलेखन बहुधा आंखूडच असतें. म्हणून सबंध कामाचा आंकडा ठरविणें दोघांच्याही हिताचें. करार लेखी असावा. यंत्र पाहावयास किती वेळां मिळेल, खर्ड्यांत किती वेळां फेरफार होतील, चित्रें कोणी काढावयाचीं, कारखान्याची गुप्त माहिती कशी राखावयाची, आणि तांत्रिक सत्यतेची जबाबदारी कोणाची, या गोष्टी त्यांत स्पष्ट असाव्या. लेखकानेंही एक मर्यादा पाळावी लागते. वस्तूंत दोष असेल तर तो शब्दांनीं झांकण्याचें काम त्यानें घेऊं नये. यंत्राच्या फिरत्या भागावर जाळी नसेल, तर 'हात घालूं नये' या सूचनेनें जाळीचें काम होत नाहीं. जाळी बसवा असें मालकाला सांगणें हेंच तेथें खरें तंत्रलेखन होय.

या कामास लागणारी सामुग्री नांदेड-लातूरला नाहीं असें नाहीं. विष्णुपुरीस १९८१ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें विद्यापीठ आहे. परभणीच्या कृषि विद्यापीठाचें शेतकऱ्यांसाठीं मराठींत लिहिण्याचें कार्य चालू आहे. एकीकडे यंत्र जाणणारे तरुण आहेत, दुसरीकडे मराठी उत्तम लिहिणारे आहेत. परंतु दोघांची ओळख क्वचितच होते. पहिल्याला वाटतें कीं लिहिणें हें आपलें काम नव्हे. दुसऱ्याला वाटतें कीं पंपाची पुस्तिका लिहिणें म्हणजे साहित्याची पायरी उतरणें. हे दोन्ही गैरसमज गेले पाहिजेत. ज्याच्या वाक्यानें एखाद्या मजुराचा श्वास वांचला किंवा एखाद्या भिंतींत आरपार दगड बसला, त्याचें नांव त्या कागदावर छापलेलें नसतें. तरी त्याच्या लेखनाचें वाचन शब्दशः होतें आणि लगोलग आचरणांत येतें, हें भाग्य थोड्याच लेखकांना लाभतें.

राहतां राहिलें ग्राहकाचें कर्तव्य. दुकानदाराकडून वस्तु घेतांना तिचा मराठी कागद मागून घ्यावा, घरीं येऊन तो एकदां वाचावा, आणि समजला नाहीं तर तो कारखानदाराला तसें पत्रानें कळवावें. अशीं चार पत्रें आलीं कीं पांचव्या वेळीं तो कागद कोणा जाणत्याकडून लिहून घेण्याचा विचार कारखानदाराच्या मनांत निश्चित येईल. तोंवर निदान एवढें करावें: तो कागद केरांत टाकूं नये, घडी करून घरांतल्या सर्वांना ठाऊक असलेल्या एका ठिकाणीं ठेवावा.